सायकलीवरचा वाटाड्या

श्रोतेहो, पुण्याच्या आसपासच्या गावांतून राहणाऱ्या मंडळींना एक देखावा आता नवा राहिलेला नाही. रविवारची पहाट झाली, की सिंहगडाच्या, पानशेतच्या, दिवे घाटाच्या नाही तर लोणावळ्याच्या वाटेने सायकलवाले निघतात. डोक्यावर हेल्मेट, पाठीमागे लुकलुकणारा तांबडा दिवा आणि हँडलच्या मधोमध काडेपेटीहून जराशी मोठी एक डबी. टपरीशी सायकल टेकवली, की आधी त्या डबीचे बटण दाबायचे आणि मग चहा मागायचा, अशी कित्येकांची रीत असते. एखादे काका विचारतात, "काय हो, हे घड्याळ आहे का?" उत्तर मिळते, "नाही काका, जीपीएस आहे. रस्ता दाखवतं." यावर काका म्हणणारच, "अहो, सिंहगड तर समोर दिसतोय. त्याला यंत्र कशाला पाहिजे?"

काकांची शंका अगदी रास्त आहे. सायकल चालवायला खरोखरच हे यंत्र लागते का, लागत असेल तर कशासाठी, आणि त्याच्यावर भरवसा ठेवायचा तो कुठपर्यंत, याचा आज आपण विचार करू. यातली शेवटची गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण तिथे गैरसमज झाला, तर प्रसंगी जिवावर बेतते.

प्रथम, हे यंत्र आहे तरी काय? तुमच्या घरी रेडिओ आहे. केंद्रावरून कार्यक्रम लागतो आणि तुमचा रेडिओ तो ऐकतो. पण तुम्ही अमुक गावात, अमुक घरात बसून ऐकता आहात, हे केंद्राला कळते का? कळत नाही. रेडिओ ऐकतो, पण उलट बोलत नाही. जीपीएसची डबी म्हणजे असाच एक चिमुकला रेडिओ आहे. फरक एवढाच, की तिची केंद्रे आकाशात आहेत. अमेरिकेने १९७८ साली असा पहिला उपग्रह सोडला आणि १९९५ साली चोवीस उपग्रहांची पूर्ण योजना कामास लागली. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येक जण एकच पालुपद अखंड घोळवीत असतो: 'मी अमुक ठिकाणी आहे, आणि या क्षणी इतके वाजले आहेत.'

आता एवढ्यावरून आपली जागा कशी कळावी? रेडिओच्या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. तेव्हा उपग्रहाचा शब्द आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला हे मोजले, की तो उपग्रह किती दूर आहे ते निघते. गावातले उदाहरण घ्या. एक जण म्हणतो, मी देवळापासून शंभर पावलांवर आहे. म्हणजे देवळाभोवती शंभर पावलांचे वर्तुळ काढले, तर त्यावर तो कुठे तरी असणार. तो पुढे म्हणाला, विहिरीपासून साठ पावलांवर आहे, की दुसरे वर्तुळ काढायचे. ही दोन वर्तुळे दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात. शाळेपासूनचेही अंतर त्याने सांगितले, की त्या दोहोंपैकी एकच जागा उरते आणि मनुष्य सापडतो. उपग्रहांचे असेच आहे. मात्र डबीतले घड्याळ स्वस्तातले असते आणि या हिशेबात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर तीनशे मीटरने चुकते. म्हणून आपले घड्याळ जुळवून घेण्यासाठी चौथ्या उपग्रहाची साक्ष काढावी लागते. उपग्रहांवरची घड्याळे मात्र अणुघड्याळे, अत्यंत नेमकी असतात.

घड्याळ हाच या सगळ्या कारभाराचा कणा आहे, हे आपल्या देशानेही अनुभवले आहे. भारताच्या स्वतःच्या योजनेचे नाव 'नाविक'. तिचा सातवा उपग्रह २०१६ साली वर गेला. पुढे त्यांतल्या काही उपग्रहांवरची परदेशी घड्याळे बंद पडली. मग २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या उपग्रहावर आपल्या शास्त्रज्ञांनी भारतात बनवलेले अणुघड्याळ बसवले.

सामान्य माणसाला जीपीएसचा खरा उपयोग २००० सालापासून होऊ लागला. तोपर्यंत अमेरिकेचे लष्कर या लहरींत मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकण्यात आली. आज उघड्या माळावर साधा मोबाईलदेखील पाचेक मीटरच्या आत तुमची जागा सांगतो.

हे झाले यंत्राचे. आता सायकलवाल्याकडे वळू.

शाळेला जाणारी मुलगी, रतीब घालणारा गवळी, कारखान्याचा कामगार यांना या डबीची काडीमात्र गरज नाही. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली, की रस्ता सायकलींनी भरून जाई. त्यांतल्या एकालाही घरचा रस्ता विचारावा लागला नाही. फार कशाला, १९२३ साली मुंबईहून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण आपल्या सोबत्यांसह सायकलीवर जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली हे तिघे पृथ्वीला वळसा घालून परत आले. त्यांच्या वेळी कुठले उपग्रह? नकाशा, होकायंत्र आणि भेटेल त्या माणसाला वाट विचारणे, एवढीच त्यांची साधने. तेव्हा यंत्राशिवाय सायकल चालत नाही, असे कोणी म्हणू लागला, तर तो म्हणणाराच चुकीचा.

मग लोक ते का वापरतात? त्याची मुख्य कारणे चार आहेत.

पहिले कारण म्हणजे रात्रीचा लांबचा प्रवास. पुण्यात 'ब्रेव्हे' नावाचा सायकलप्रकार चांगला रुजला आहे. शब्द फ्रेंच आहे. यात शर्यत नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात पुरे करायचे असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास. जेवण, झोप, पंक्चर, सारे त्यातच. वाट आधी आखून दिलेली असते आणि ती शोधण्याची जबाबदारी ज्याची त्याची. या प्रकारातला सर्वांत जुना सोहळा म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. १८९१ साली सुरू झालेली ही १२०० किलोमीटरची फेरी आता दर चार वर्षांनी भरते. २०२३ साली ती भरली, तेव्हा आपल्याकडचे सायकलस्वारही तिथे होते.

आता हिशेब करून पाहा. सहाशे किलोमीटरला चाळीस तास, म्हणजे थांबण्याचा वेळ धरून तासाला पंधरा किलोमीटर पडलेच पाहिजेत. रात्रीचे दोन वाजले आहेत, पावसाची भुरभुर आहे, फाट्यावर पाटी नाही आणि विचारावे म्हटले तर कुत्र्याखेरीज कोणी जागे नाही. अशा वेळी चुकीच्या रस्त्याने दहा किलोमीटर गेले, तर परत येऊन वीस किलोमीटर फुकट जातात आणि तास-दीड तास बुडतो. दिवसा माणूस वाटाड्या होतो. रात्री तो झोपलेला असतो, म्हणून तिथे यंत्र कामास येते.

कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये जीपीएस असतेच, मग वेगळी डबी कशाला? कारण इतकेच, की मोबाईलचा पडदा उजळलेला ठेवला, तर काही तासांत बॅटरी संपते, आणि प्रवास तर चाळीस तासांचा. शिवाय ऐन संकटात फोन लावायला तीच बॅटरी हवी असते. डबी पाण्यात भिजली तरी चालते, उन्हात वाचता येते आणि पुष्कळ तास टिकते. काही मंडळी पुढच्या चाकाच्या तुंब्यात डायनॅमो बसवतात. जुन्या सायकलीच्या दिव्याला असे, त्याच्याच जातीचा तो. चाक फिरत राहते तोवर वीज मिळते आणि डबीचीही सोय होते.

दुसरे कारण मोजमापाचे. किती अंतर झाले, किती वेग आहे, किती चढ बाकी आहे, हे समजले म्हणजे दम राखून चालवता येते. सिंहगडाच्या पायथ्याशी नवशिक्या माणूस जोर करतो आणि अर्ध्या घाटात सायकल हातात धरतो. पुढे सुमारे सहाशे मीटरची उंची चढायची आहे, हे ज्याला समजले, तो सुरुवातीलाच हात आखडता घेतो. परंतु या मापात खोट असू शकते. घाटात एका बाजूला कडा असला, म्हणजे निम्मे आकाश झाकले जाते आणि यंत्राची जागा इकडेतिकडे उडते. वळणावळणाच्या रस्त्यावर ते काही क्षणांनी एकेक बिंदू टिपते आणि ते सरळ रेघेने जोडते. त्यामुळे वळणे कापली जाऊन अंतर कमी भरते. उंचीच्या बाबतीत तर चूक अधिकच होते, कारण सारे उपग्रह आपल्या वरच्या अंगाला असतात, पायाखाली एकही नसतो. म्हणून चांगल्या डबीत हवेचा दाब मोजणारा भाग निराळा बसवतात. आठ-नऊ मीटर चढले, की दाब सुमारे एक मिलिबार उतरतो, त्यावरून ती उंची काढते. पण पाऊस येण्यापूर्वी हवेचा दाब आपोआपच उतरू लागतो. मग जागचे न हलता देखील डोंगर चढल्याची नोंद होते!

तिसरे कारण पुराव्याचे. लांबच्या साहसात 'मी गेलो होतो' एवढे सांगून भागत नाही. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने विसाव्या वर्षी सुमारे २९,००० किलोमीटरचा जगप्रवास सायकलवर १५९ दिवसांत केला. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने, आणि २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने पुरी केली. असल्या प्रवासांत कोण कोणत्या वेळी कुठे होता, याची नोंद यंत्रच ठेवते आणि शंकेला जागा उरत नाही.

चौथे कारण घरच्यांच्या काळजीचे. आणि श्रोतेहो, मघाशी ज्या गैरसमजाबद्दल बोललो तो इथेच आहे.

मुलगा पहाटे सायकल घेऊन निघाला, की आई म्हणते, "त्याच्याजवळ ते यंत्र आहे ना, मग काळजी नाही. कुठे आहे ते कळेल." इथे थांबून विचार करा. जीपीएसची डबी हा रेडिओ आहे, ती फक्त ऐकते, हे आपण पाहिलेच. मुलगा कुठे आहे हे डबीला कळते, आईला नव्हे. आईच्या फोनवर जो ठिपका सरकताना दिसतो, तो मोबाईल कंपनीच्या मनोऱ्यांमार्फत येतो. रेंज असेल तर ठिपका हलतो, रेंज गेली की शेवटच्या जागी थबकतो. ताम्हिणीच्या घाटात, भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंधा घाटात रेंज न मिळणाऱ्या जागा आहेत. तिथे मुलगा मजेत चाललेला असला, तरी ठिपका थांबलेला दिसतो आणि घरी जीव टांगणीला लागतो. याउलट तो दरीच्या कडेला पडला, तर डबी त्याचा ठावठिकाणा दाखवीत राहील, पण पाहणारा कोणी नसेल.

परदेशात उपग्रहामार्फत उलट निरोप पाठवणारी यंत्रे सायकलस्वार बाळगतात. आपल्याकडे तसली यंत्रे सरकारच्या परवानगीवाचून जवळ ठेवणे गुन्हा ठरतो. तेव्हा तो मार्ग सर्वांना मोकळा नाही.

मग करायचे काय? उपाय जुनेच आहेत आणि साधे आहेत. निघण्यापूर्वी कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे कागदावर लिहून घरी ठेवावे. घाटात शिरण्यापूर्वीच्या शेवटच्या गावात, चहाच्या टपरीवर, "मी खाली उतरतो आहे," एवढे बोलून जावे. नाव, घरचा फोन आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. यात्रेचा नकाशा डबीत किंवा फोनमध्ये आधी भरून घ्यावा. रेंज गेली तरी उपग्रह ऐकू येतातच, परंतु नकाशा मात्र आयत्या वेळी आकाशातून येत नाही.

आणि रस्त्याकाठच्या गावकरी मंडळींनाही यात एक काम आहे. कोणी सायकलवाला पडलेला दिसला, तर ११२ वर किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा. त्या वेळी 'घाटात, मोठ्या झाडाजवळ' असे सांगून गाडी येत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड पाहावा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. दगडाचा रंग आणि त्यावरचे गाव व आकडा वाचून सांगितला, की जागा निश्चित होते. पडलेल्या माणसाची डबी किंवा फोन चालू असेल, तर त्यावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत. पुण्याचे अक्षांश-रेखांश साधारण १८.५२ आणि ७३.८६ आहेत. दशांशचिन्हापुढे चार आकडे सांगितले, तर अकराएक मीटरच्या आत जागा कळते. डबीला ठाऊक असलेली गोष्ट माणसाच्या तोंडून पुढे गेली, तरच तिचा उपयोग.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जागा कोणालाच न कळणे जसे वाईट, तसे ती वाटेल त्याला कळणेही वाईट. फेरी झाली, की तिचा नकाशा इंटरनेटवर सर्वांना दाखवण्याची चाल पडली आहे. अशाच एका कंपनीने, स्ट्राव्हाने, २०१७ च्या नोव्हेंबरात जगभरच्या फेऱ्यांचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला. दोनच महिन्यांनी लोकांच्या ध्यानात आले, की वाळवंटातल्या लष्करी तळांवर धावणाऱ्या शिपायांच्या फेऱ्यांनी त्या तळांचे आकार उजळून दाखवले आहेत. शिपायांचे असे झाले, तर आपले काय? रोज ठरल्या वेळी एकट्या निघणाऱ्या मुलीची फेरी कोणत्या दारापासून सुरू होते, हे अनोळखी माणसाला समजता कामा नये. फेरीचा आरंभ आणि शेवट झाकून ठेवण्याची सोय असते. ती आधी वापरावी, मगच फेरी दाखवावी.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक प्रयोग सुचवतो. खर्च काहीच नाही. सायकलीच्या पुढच्या चाकावर खडूची खूण करा, चाक एक पूर्ण फेरा फिरवा आणि जमिनीवरचे अंतर मोजा. साध्या मोठ्या सायकलीला ते सव्वादोन मीटरच्या जरा आत, म्हणजे सुमारे २.२ मीटर भरेल. आरीला जाड कागदाची पट्टी अशी बांधा, की दर फेऱ्याला ती चिमट्यावर टक् करून वाजेल. आता शाळेपासून पुढच्या गावापर्यंत एकाने सायकल हातात धरून चालावे आणि मुलांनी टक्-टक् मोजावी. किलोमीटरला साधारण साडेचारशे आवाज होतील. तेच अंतर एका मोबाईलच्या जीपीएसने मोजा आणि रस्त्यावरच्या दगडांवरूनही वाचा. तीन आकडे तीन प्रकारचे येतील. कोणता खरा, आणि बाकीचे का चुकले, हे मुलांना विचारा. वर्तुळाचा परीघ, अक्षांश-रेखांश, लहरींचा वेग, असे किती तरी धडे एका रस्त्यावर शिकवून होतील. आणि यंत्राने दाखवलेला आकडा पडताळून पाहावा लागतो, ही गोष्ट मुलांच्या मनात कायमची राहील.

तर काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे: सिंहगड समोर दिसत असताना यंत्राची गरज नाही. रात्र असेल, वाट अनोळखी असेल, अंतर मोठे असेल, तर ते चांगला सोबती होते. पण त्याला फक्त सायकलवाल्याची जागा कळते, त्याची काळजी वाहणे हे माणसांचेच काम आहे. म्हणून यापुढे एखादा सायकलवाला तुमच्या गावावरून घाटाकडे जाताना दिसला, तर त्याला जरूर हटका, "कुठं निघालात दादा? घाट उतरून जाणार का?" आणि सायकलवाल्यानेही दोन मिनिटे थांबून नीट उत्तर द्यावे.